विडंबनाचं आयुष्य किती?

२०१४ च्या जुलैअखेरीस अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड २००’ या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर एक विनोदी अल्बम येऊन बसला. अल्बमचं नाव ‘मँडेटरी फन’, गायकाचं नाव ‘विअर्ड’ अ‍ॅल यँकोविक. पहिल्या आठवड्यात १,०४,००० प्रती खपल्या. या यादीत आल्या आल्या थेट पहिला क्रमांक घेणारा हा पहिलाच विनोदी अल्बम. त्याआधी विनोदी अल्बमनं ते शिखर गाठलं होतं १९६३ मध्ये, अ‍ॅलन शर्मनच्या ‘माय सन, द नट’च्या रूपानं. मधे तब्बल ५१ वर्षं गेली. शर्मन पहिल्या क्रमांकावर होता तेव्हा अ‍ॅल नुकता चार वर्षांचा होत होता. ‘मँडेटरी फन’ हा त्याचा चौदावा स्टुडिओ अल्बम आणि पहिला आला होता १९८३ मध्ये. म्हणजे पहिला अल्बम ते पहिला क्रमांक या प्रवासाला ३१ वर्षं लागली.

लोकप्रिय संगीतात ३१ वर्षं म्हणजे किती, याचा अंदाज यायला १९८३ च्या याद्या काढून बघाव्यात. त्यातले बहुतेक गायक २०१४ पर्यंत जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांपुरते उरले होते. आणि अ‍ॅलचा धंदा तर त्यांच्यापेक्षाही बेभरवशाचा. विडंबनगीत हे फार नाशवंत असतं. मूळ गाणं लोकांच्या ओठांवर आहे तोवरच त्याच्या चालीत बसवलेली गंमत कळते. मूळ विसरलं की विडंबनाची जान जाते. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ आज वाचताना ती कुठल्या कवीवर आणि कुठल्या धाटणीवर आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. मग पॉप गाण्याचं विडंबन, ज्याचं मूळच सहा महिन्यांत जुनं होतं, त्यावर कुणी साडेचार दशकं कशी काढली? माझ्या मते याचं उत्तर त्याच्या चाहत्यांमध्ये आहे, आणि ते आकड्यांत मोजता येतं.

सुरुवात अगदी साधी आहे. आल्फ्रेड मॅथ्यू यँकोविकचा जन्म २३ ऑक्टोबर १९५९ चा, लहानपण लॉस एंजेलिसजवळच्या लिनवूडमध्ये गेलं. संगीताची शिकवणी विकत दारोदार फिरणारा एक माणूस घरी आला. गिटार शिकवू की अकॉर्डियन, असं त्यानं विचारलं आणि आईवडिलांनी अकॉर्डियन निवडली. त्या काळात फ्रँकी यँकोविक नावाचा पोल्का संगीताचा मोठा वादक होता. त्याचं यांच्याशी काही नातं नव्हतं, फक्त आडनाव एक. पण निवडीला तेवढं पुरलं. सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पहिला धडा झाला. आपल्याकडे अकॉर्डियनला हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात मान होता, पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या वादकांनी तो वाढवला. अमेरिकेत मात्र रॉक आल्यावर हे वाद्य म्हाताऱ्यांचं, लग्नाच्या पंगतीतलं ठरलं होतं. अशा वाद्यावर रॉकची गाणी वाजवली की लोकांना हसू येणारच, हे त्या मुलानं लवकर ओळखलं.

१९७६ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यानं स्वतःचं एक गाणं टेप करून ‘डॉक्टर डिमेंटो’च्या रेडिओ कार्यक्रमाला पाठवलं. बॅरेट हॅन्सन हे त्या डॉक्टरांचं खरं नाव. विचित्र, विसरलेली, गमतीदार गाणी लावणं हाच त्यांचा कार्यक्रम, आणि तो देशभर ऐकला जाई. टेप वाजली. त्याच वर्षी शाळेतून पहिला येऊन अ‍ॅल सॅन लुईस ओबिस्पोच्या विद्यापीठात आर्किटेक्चर शिकायला गेला. १९७९ मध्ये ‘द नॅक’ या बँडचं ‘माय शरोना’ सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. अ‍ॅलनं त्याचं ‘माय बलोनी’ केलं, बलोनी म्हणजे सँडविचमध्ये घालायचं स्वस्त मांस. ध्वनिमुद्रण झालं ते कॉलेजच्या रेडिओ स्टेशनासमोरच्या स्वच्छतागृहात, कारण तिथल्या फरशांमुळे आवाज छान घुमायचा. एक अकॉर्डियन, एक गळा आणि फरशांचा घुमार, बस. पुढे द नॅकच्या गायकालाच ते आवडलं आणि कॅपिटल रेकॉर्ड्सनं ते ५०० डॉलरला घेतलं. हा ५०० चा आकडा लक्षात ठेवा.

१४ सप्टेंबर १९८० च्या रात्री डॉक्टर डिमेंटोच्या कार्यक्रमात तो थेट प्रक्षेपणात ‘अनदर वन राइड्स द बस’ गायला. मूळ गाणं क्वीनचं, विषय सिटी बसमधली चेंगराचेंगरी. ताल धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिथेच भेटलेल्या जॉन ‘बर्म्युडा’ श्वार्ट्झनं अकॉर्डियनच्या पेटीवर थापा मारल्या. तेव्हापासून २०२५ पर्यंत अ‍ॅलचा ड्रमर तोच आहे. गिटारवाला जिम वेस्ट आणि बासवाला स्टीव्ह जे १९८२ पासून, कीबोर्डवर रुबेन वाल्टिएरा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून. बँड फुटण्याच्या कहाण्यांवर पुस्तकं निघणाऱ्या धंद्यात पाच माणसं तीस वर्षांहून जास्त काळ बदललेली नाहीत.

आता क्रमवारी. ‘बिलबोर्ड हॉट १००’ ही गाण्यांची यादी. १९८४ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘बीट इट’वरचं ‘ईट इट’ १२ व्या क्रमांकावर गेलं, ऑस्ट्रेलियात तर पहिल्यावर. १९९२ मध्ये ‘स्मेल्स लाइक निर्वाणा’ ३५ व्या, २००६ मध्ये ‘व्हाइट अँड नर्डी’ ९ व्या आणि २०१४ मध्ये ‘वर्ड क्राइम्स’ ३९ व्या. ऐंशीच्या दशकापासून प्रत्येक दशकात पहिल्या चाळीसात गाणं असलेले कलाकार तोवर दोनच होते, मायकल जॅक्सन आणि मॅडोना. अ‍ॅल तिसरा. आणि त्या दोघांच्याही गाण्यांची त्यानं विडंबनं केली आहेत. ‘लाइक अ व्हर्जिन’चं ‘लाइक अ सर्जन’ कधी होणार, हे तर मॅडोनानंच मैत्रिणीशी बोलताना पहिल्यांदा विचारलं होतं असं सांगतात. ‘व्हाइट अँड नर्डी’ पहिल्या दहात गेलं तेव्हा अ‍ॅल ४७ वर्षांचा होत आला होता. पॉप संगीतात त्या वयात लोक निवृत्तीचे दौरे काढतात, आणि त्याला आयुष्यातलं सगळ्यात वर गेलेलं गाणं मिळालं.

२००७ पर्यंतच त्याच्या अल्बमांच्या १ कोटी २० लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. ग्रॅमी पाच. पहिली १९८५ मध्ये, पाचवी २०१९ मध्ये, मधे ३४ वर्षं.

या सगळ्याला कामाची बैठक आहे. विडंबन म्हणजे शब्द बदलून टाकले की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मूळ गाणं आणि अ‍ॅलचं गाणं लागोपाठ ऐकावं. ड्रमचा प्रत्येक ठोका, गिटारचा पोत, मागच्या कोरसचा श्वास, सगळं मुळाबरहुकूम. हे मुळातून उचललेलं नसतं, अ‍ॅलच्या बँडमधली तीच चार माणसं ते पुन्हा वाजवून काढतात. दर वेळी वेगळा बँड, वेगळा काळ, वेगळं स्टुडिओचं तंत्र. चौदा अल्बमांवर दीडशेहून जास्त गाणी आहेत. त्यातली साधारण निम्मी विडंबनं नाहीतच, ती अ‍ॅलची स्वतःची गाणी आहेत, बरीचशी कुणातरी कलाकाराच्या शैलीत रचलेली. शैलीचं विडंबन हे माझ्या लेखी जास्त अवघड काम. एखादा कलाकार कसा विचार करतो, कुठे थांबतो, कुठे नको तितका भावुक होतो, हे पकडून त्यात नवी चाल करायची. चौदापैकी बारा अल्बमांवर पोल्काची एक माळ आहे. त्या त्या काळातली गाजलेली गाणी अकॉर्डियनवर, भरधाव वेगात, एकामागून एक. २०१८ मध्ये ‘हॅमिल्टन’ या नाटकाचा पोल्का त्यानं केला. नाटकात ४६ गाणी आहेत. पोल्का पाच मिनिटांत संपतो.

उलट दिशेचं उदाहरण म्हणजे २००६ चं ‘ट्रॅप्ड इन द ड्राइव्ह-थ्रू’. आर. केली या गायकाच्या एका लांबलचक, नाट्यमय गाण्याच्या मालिकेवरचं हे विडंबन. एक नवराबायको रात्री जेवायला काय आणायचं ते ठरवतात, गाडीतून बर्गर घ्यायला जातात. एवढंच घडतं. गाणं जवळपास अकरा मिनिटं चालतं. इतका वेळ काहीही न घडू देता श्रोत्याला धरून ठेवायला केवढी शिस्त लागत असेल!

आणि परवानगी. अमेरिकेच्या कायद्यात विडंबनाला बरीच मोकळीक आहे, तरीही अ‍ॅल मूळ कलाकाराला विचारतो. नाही म्हटलं तर सोडून देतो. प्रिन्सनं आयुष्यभर नाही म्हटलं. शाकाहारी पॉल मॅकार्टनीनं ‘लिव्ह अँड लेट डाय’चं ‘चिकन पॉट पाय’ होऊ दिलं नाही. मायकल जॅक्सननं मात्र दोनदा हो म्हटलं, आणि ‘बॅड’चं ‘फॅट’ करताना आपल्या चित्रपटासाठी उभारलेल्या भुयारी स्टेशनचा सेटही वापरायला दिला. कर्ट कोबेननं फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे पण खाण्यावरचंच गाणं आहे का. अ‍ॅलनं सांगितलं, नाही, तुझे शब्द कुणालाच कळत नाहीत यावर आहे. कोबेनला ते पटलं. ‘अ‍ॅमिश पॅरडाइज’च्या वेळी कूलिओबरोबर गैरसमज झाला आणि पुढे तो मिटला. निर्वाणाच्या डेव्ह ग्रोलनं तर नंतर सांगितलं आहे की अ‍ॅलनं आपल्यावर गाणं केलं तेव्हा आपण खरे मोठे झालो असं वाटलं. ज्याची टर उडवली जाते त्यालाच ते मानाचं वाटावं, ही विडंबनकाराला मिळू शकणारी सर्वांत मोठी पावती.

आता ते ५०० डॉलर. १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग येणार होता. अ‍ॅलला त्याच्या कथेवर गाणं हवं होतं, आणि तेही सिनेमा येताना तयार. इंटरनेटवर फुटलेल्या माहितीवरून त्यानं ‘द सागा बिगिन्स’ जवळजवळ पूर्ण लिहिलं. मग तपशील बरोबर आहेत ना हे बघायला एका धर्मादाय खेळाचं तिकीट काढून सिनेमा आधी पाहिला. तिकीट ५०० डॉलरचं. वीस वर्षांपूर्वी ज्या रकमेला त्याचं पहिलं गाणं विकलं गेलं, तितकीच रक्कम त्यानं आता चार ओळी तपासण्यासाठी खर्च केली. चाहत्यांना हे कळतं. आपला माणूस आपल्याला हसवताना चुकीचं काही खपवणार नाही, हा भरवसा असतो. त्यामुळेच त्याच्या मैफलीत या गाण्याला रंगमंचावर ‘स्टार वॉर्स’चे सैनिक उभे राहतात. ते पगारी नट नसतात. त्या त्या भागातले हौशी लोक स्वतः शिवलेल्या, घडवलेल्या चिलखतांत येतात.

या चाहत्यांच्या प्रेमाचा एक खास आकडा आहे, २७. अ‍ॅलच्या गाण्यांत, व्हिडिओंत, अल्बमच्या मुखपृष्ठांवर हा आकडा पुनःपुन्हा दिसतो. आधी तो सहज आला होता. चाहत्यांनी तो हेरला, याद्या करायला सुरुवात केली, आणि हे कळल्यावर अ‍ॅल मुद्दाम तो पेरू लागला. हॉलिवूडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसावा म्हणून चाहत्यांनी वर्षानुवर्षं मोहीम चालवली, पैसे जमवले. २०१८ मध्ये तारा बसला. तारीख होती २७ ऑगस्ट.

२०१७ मध्ये ‘स्क्वीझ बॉक्स’ नावाचा संच निघाला. चौदाही अल्बम आणि पंधरावा दुर्मीळ गाण्यांचा, असे सगळे अ‍ॅलच्या अकॉर्डियनसारख्या दिसणाऱ्या पेटीत. पैसे आधी भरून चाहत्यांनी तो मागवला. यातली बरीचशी गाणी त्यांच्याकडे आधीच होती, अनेकांकडे दोन-दोन रूपांत असतील. तरी त्यांना ती पेटी हवी होती. पाचवी ग्रॅमी मिळाली ती याच पेटीच्या रचनेला.

पण सगळ्यात धाडसी हिशेब २०१८ च्या दौऱ्याचा. अ‍ॅलनं ठरवलं की या वेळी गाजलेली विडंबनं बाजूला. वेषांतरं नाहीत, पडद्यावर व्हिडिओ नाहीत. लहान सभागृहं, आणि बहुतेक सगळी त्याची स्वतःची, कमी ऐकलेली गाणी. ज्याला ‘ईट इट’ ऐकायचंय त्यानं येऊ नये, असंच जवळजवळ सांगून टाकलं. ७७ प्रयोग झाले. दर रात्री गाण्यांची यादी वेगळी आणि शेवटी दुसऱ्या कुणाचं तरी एक गाणं, तेही दर रात्री नवं. सगळेच्या सगळे ७७ प्रयोग ध्वनिमुद्रित करून चाहत्यांसाठी उपलब्ध केले गेले. एकाच माणसाचे ७७ कार्यक्रम ओळीनं ऐकणारे लोक असतात, हे गृहीत धरूनच केलेलं हे काम होतं, आणि ते गृहीत बरोबर ठरलं.

यात किती वैविध्य शक्य आहे ते गणितानं बघू. समजा पाच वादकांना ६० गाणी तोंडपाठ आहेत आणि एका रात्री त्यातली १५ गायची आहेत. क्रम सोडून द्या, फक्त कुठली १५ निवडायची एवढाच प्रश्न. तरी निवडीच्या तऱ्हा होतात ५,३१,९४,०८,९१,९२,७२०. म्हणजे ५३ लाख कोटींच्या वर. रोज रात्री एक, वर्षाचे ३६५ दिवस, सुट्टी न घेता कार्यक्रम केले तर सगळ्या तऱ्हा संपवायला साडेचौदा हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं मानतात. त्याच्या दहापट. अशा अथांगातून ७७ वेळा हात घालून प्रत्येक वेळी वेगळं काही वर काढणाऱ्याला ऐकायला लोक एका गावाहून दुसऱ्या गावाला जात होते, आज काय येईल म्हणून. पुढे २०२२ मध्ये हाच प्रकार पुन्हा केला, तेव्हा प्रयोग झाले १३३ आणि शेवटचा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये.

ऐकणाऱ्यांचा आणखी एक आकडा. २०२३ च्या अखेरीस स्पॉटिफायवरून चाहत्यांना पाठवलेल्या व्हिडिओत अ‍ॅलनं सांगितलं की त्या वर्षी त्याची गाणी ८ कोटींहून जास्त वेळा ऐकली गेली. त्याचे आपल्याला १२ डॉलर मिळाले, असंही तो गमतीनं म्हणाला, आणि बातम्या झाल्या त्या १२ डॉलरच्याच. मला ८ कोटींचं मोल जास्त वाटतं. एक गाणं सरासरी तीन मिनिटांचं धरलं तर २४ कोटी मिनिटं होतात. म्हणजे ४० लाख तास, म्हणजेच ४५६ वर्षं. एका वर्षात ४५६ वर्षांचं ऐकणं झालं, याचा अर्थ २०२३ मधल्या कुठल्याही क्षणाला, पहाटे तीनलाही, जगात कुठे ना कुठे सरासरी साडेचारशे माणसं त्याचं गाणं ऐकत होती. आणि हे एकाच सेवेवरचं.

ही माणसं त्याला काय देतात, ते एका दिवशी दिसलं. ९ एप्रिल २००४ ला अ‍ॅलचे आईवडील कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या घरी विषारी वायूनं गेलेले आढळले. शेकोटीतून आलेला कार्बन मोनॉक्साइड. अ‍ॅल तेव्हा दौऱ्यावर होता. त्या रात्री विस्कॉन्सिनमधल्या अ‍ॅपलटनला कार्यक्रम होता, आणि तो त्यानं केला. तुमच्या गाण्यांनी आम्हाला वाईट दिवसांतून बाहेर काढलं, असं चाहते इतकी वर्षं त्याला सांगत आले होते. आज ती मलाही तारतील, असं त्याला वाटलं. विनोदी गाण्याला हलकं समजणाऱ्यांनी या रात्रीचा विचार जरूर करावा. समोर बसलेल्यांना हसवायचं, पोल्का वाजवायचा, वेष बदलायचे, आणि हे सगळं त्या बातमीनंतर. चाहते आणि कलाकार यांच्यात तेव्हा जी देवघेव झाली ती कुठल्याही क्रमवारीत मोजली जात नाही.

‘मँडेटरी फन’नंतर अ‍ॅलनं जाहीर केलं की कराराचा हा शेवटचा अल्बम आणि बहुधा आपला अशा प्रकारचाही शेवटचाच. गाणं सुचलं की लगेच सुटं काढलेलं बरं, अल्बमची वाट बघेपर्यंत मूळ शिळं होतं, हे त्यामागचं कारण. तेव्हापासून २०२५ पर्यंत नवा स्टुडिओ अल्बम आला नाही. मधल्या काळात सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर दौरा झाला. डॅनियल रॅडक्लिफला नायक करून अ‍ॅलच्या आयुष्याचं कपोलकल्पित चरित्र सांगणारा चित्रपट आला. तो अवघ्या १८ दिवसांत चित्रित झाला आणि सर्वोत्तम टीव्ही चित्रपटाचं एमी त्याला मिळालं. आणि १२ जुलै २०२५ ला, ६५ व्या वर्षी, अ‍ॅलनं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिल्यांदाच मुख्य कलाकार म्हणून कार्यक्रम केला. विडंबनाच्या आयुष्याचा प्रश्न अशा गर्दीत सुटतो. ‘ईट इट’ आलं तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर २०२५ मध्ये ५१ वर्षांचं झालेलं आहे. ‘वर्ड क्राइम्स’ हे व्याकरणाच्या चुकांवरचं गाणं ज्यानं २०१४ मध्ये दहाव्या वर्षी वर्गात शिक्षकांकडून ऐकलं, तो त्याच वर्षी २१ चा झाला, आणि ते ज्या गाण्यावर बेतलं होतं ते त्याला धड आठवतही नसेल. त्याच्यासाठी अ‍ॅलचंच गाणं मूळ आहे.